पोरं सापडतात, पाठवणारा का सापडत नाही?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. पोलिस आयुक्त, पुणे शहर
मा. आयुक्त, महिला व बाल विकास, पुणे

विषय : अल्पवयीन मुलांना टोळीत ओढणाऱ्या आणि त्यांच्या हातून अमली पदार्थ विकून घेणाऱ्या प्रौढांवर कारवाई करण्याबाबत

महोदय,

मी पुण्यातल्या एका रात्रशाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा संध्याकाळी साडेसहाला भरते. माझी मुलं दिवसभर गॅरेजवर, हॉटेलात, मार्केट यार्डातल्या गाळ्यावर नाहीतर कुरिअरच्या गाडीवर राबून येतात. बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटतात त्यांचे. तरीही येतात, कारण दहावीचा कागद हातात आला तर पगार वाढेल असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं.

यातल्याच एकाची परवा पोलिसांनी धिंड काढली. नुकतंच अठरावं सरलेला मुलगा. त्याने आणि आणखी तिघांनी रात्री एका गल्लीत कोयते नाचवत उभ्या गाड्यांच्या काचा फोडल्या. चौघांपैकी दोघे अल्पवयीन. ज्या रिक्षाची पुढची काच फुटली ती माझ्याच वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची. काच बदलेपर्यंत त्या घरात पैसा आला नाही. तेव्हा हे पत्र माफीसाठी नाही. गुन्हा झाला आहे, मुलाने केला आहे आणि त्याची शिक्षा त्याला व्हावी.

प्रश्न पुढचा आहे. दोरीने बांधून, लंगडत, त्याच गल्लीतून त्याला फिरवलं. रात्री शाळेत आले तर तो व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर होता, खाली कुणीतरी ढोलाचं संगीतही जोडलेलं. मला वाटलं, पोरं घाबरली असतील. आठवीतला एक मुलगा म्हणाला, ‘नाव झालं ना मॅडम त्याचं.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या.

गुन्ह्याच्या कागदावर चार नावं आहेत. त्या रात्री दुचाक्या कुणी दिल्या, कोयते कुणी आणून ठेवले, त्याच गल्लीत जायला कुणी सांगितलं, हे माझ्या वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो पाचवा माणूस तिशीच्या पुढचा आहे आणि कागदावर नाही. कोणत्या ठाण्याच्या हद्दीतली ही गोष्ट, ते मी मुद्दाम लिहीत नाही. हद्द बदलली तरी गोष्ट तीच राहते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मुलगा टोळीत कसा जातो हे मला माझ्या मुलांनीच सांगितलंय, तुकड्या-तुकड्यांनी, कधी निबंधाच्या वहीतसुद्धा. सुरुवात पुडीपासून कधीच होत नाही. आधी ‘भाऊ’च्या, म्हणजे टोळीच्या दादाच्या, वाढदिवसाची बिर्याणी असते. मग चौकातल्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत, ‘शुभेच्छुक’ म्हणून, पासपोर्टएवढा फोटो लागतो. ज्या मुलाचा शाळेच्या फलकावर कधी फोटो लागला नाही, त्याचा चेहरा पहिल्यांदा रस्त्यावर दिसतो. आई कामावर जाताना तो फ्लेक्स बघते आणि तिलाही क्षणभर बरं वाटतं, हे एका आईनेच मला सांगितलं. मग मोबाईलचा थकलेला हप्ता भाऊ भरतो. मग एक दिवस निरोप येतो, ‘एवढं तिकडं देऊन ये.’ पाकिटात काय आहे ते विचारायचं नसतं. हॉटेलात दिवसभर कपबश्या विसळून जे मिळतं ते दोन फेऱ्यांत मिळतं.

काही महिन्यांत पाकिटातली चिमूट स्वतःच्या नाकात जायला लागते आणि उधारी सुरू होते. भाऊ उधारी मागत नाही, हे लक्षात घ्या. तो काम सांगतो. अमक्या गल्लीतली पोरं माजलीत, जाऊन गाड्या फोडून या. आपण ज्याला ‘दहशत माजवण्यासाठी तोडफोड’ म्हणता, त्यातली काही तोडफोड ही एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाची, उधारी फेडण्याची पद्धत आहे. कोयता आणि पुडी हे आपल्या कार्यालयात दोन वेगवेगळ्या पथकांचे विषय असतील. वस्तीत ते एकाच माणसाच्या घरातून निघतात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी, की या पाचव्या माणसासाठी कायदा तयार आहे आणि त्या कायद्याचं नावही आपल्या तोंडी येत नाही. मी वकील नाही. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ मिळवून वाचण्याएवढं मराठी-इंग्रजी मला येतं. कलम ७७ : मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८ : मुलाकडून अमली पदार्थ विकून घेणाऱ्याला, वाहून नेववणाऱ्याला तेवढीच शिक्षा. कलम ८३ : बेकायदा कामासाठी मुलांना वापरणारा प्रौढ, एकटा असो की टोळी, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ तर आणखी पुढे जातं. गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं. आणि तो गुन्हा प्रत्यक्ष घडला, तर तो त्या मोठ्या माणसाने स्वतः केला असं धरून त्याचीही शिक्षा. अमली पदार्थ कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, अल्पवयीन मुलांना वापरलं असेल तर किमानपेक्षा जास्त शिक्षा देण्याचा विचार न्यायालयाने करावा, हेसुद्धा लिहून ठेवलेलं आहे.

एवढं सगळं असताना पत्रकार परिषदेत काय सांगितलं जातं? किती कोयते जप्त झाले, किती जण ताब्यात घेतले, त्यात किती विधिसंघर्षग्रस्त बालकं, म्हणजे गुन्ह्यात सापडलेली अल्पवयीन मुलं. २०२३ च्या सुरुवातीला कोयता गँगचा गवगवा झाला तेव्हा कोयते विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघावं इथपर्यंत गोष्ट गेली होती. ऊस तोडणारा, नारळ विकणारा माणूस आधार कार्ड दाखवत फिरला. पण कलम ८३ खाली आणि कलम ९५ खाली या शहरात किती प्रौढांवर गुन्हे नोंदवले, हा आकडा मी एकाही पत्रकार परिषदेच्या बातमीत वाचलेला नाही. आकडा मोठा असेल तर अभिमानाने सांगा. लहान असेल तर मग माझं पुढचं वाचा.

दुसरी तक्रार धिंडीची. आरोपीला रस्त्यावरून फिरवण्याची शिक्षा कोणत्याच कायद्यात नाही; शिक्षा न्यायालय देतं आणि तीही आरोप सिद्ध झाल्यावर. मला हेही कळतं की लोकांना ती आवडते. ज्यांच्या गाड्या फुटल्या त्यांना त्या दिवशी बरं वाटतं. माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांनाही वाटलं असेल, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पोलिसांचा हेतू जर धाक बसवण्याचा असेल, तर तो ज्यांच्यावर बसायला हवा त्या वयाच्या पोरांमध्ये मी रोज तीन तास असते. तिथे उलट होतं. ज्याला परवापर्यंत गल्लीबाहेर कुणी ओळखत नव्हतं, त्याला आपण चेहरा आणि प्रेक्षक मिळवून दिले. त्याच्या समाजमाध्यमावरच्या खात्याला पाठीराखे वाढले, म्हणजे जे काम भाऊ फ्लेक्स लावून करत होता ते आपण सरकारी गाडीतून केलं. आणि सोबत एखादा सतरा वर्षांचा असेल तर त्याची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. तोंडावर रुमाल बांधला तरी गल्ली मुलाला चालीवरून ओळखते.

थोरांची गोष्ट निराळी. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा कारागृहातून सुटलेला टोळीप्रमुख गाड्यांचा ताफा घेऊन द्रुतगती महामार्गावरून मिरवत पुण्याला आला. गुन्हा नंतर दाखल झाला, पण तो व्हिडिओ माझ्या मुलांना आजही पाठ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शहरातल्या टोळीप्रमुखांना आयुक्तालयात बोलावून ओळीत उभं केलं, रील बनवू नका अशी तंबी दिली. चांगलं केलंत. पण ती मंडळी ओळीत उभी राहून, हात जोडून, आपापल्या गाडीने घरी गेली. दोरी बांधून चालवला जातो तो भाऊच्या फ्लेक्सवरचा सगळ्यात खालचा फोटो.

तिसरी गोष्ट वयाची. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर मागणी होते, वयाची मर्यादा सोळावर आणा, चौदावर आणा. २०१५ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याचा खटला प्रौढांप्रमाणे चालवायला पाठवू शकतं. ही सोय दहा वर्षांपासून आहे. मर्यादा सोळावर आली तर भाऊ पंधरा वर्षांचा निवडेल, चौदावर आली तर तेरा वर्षांचा. माझ्याच शाळेच्या इमारतीत सकाळी पाचवी-सहावीचे वर्ग भरतात, त्यामुळे हे मी अंदाजाने म्हणत नाही, भीतीने म्हणते.

वजनाचा हिशोबही असाच आहे. मेफेड्रोन २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलं. दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, पन्नास ग्रॅमच्या वर व्यावसायिक प्रमाण; व्यावसायिक असेल तर किमान दहा वर्षं आणि जामीन महाकठीण. हे आकडे वकिलाइतकेच भाऊलाही पाठ असतात. म्हणून मुलाच्या खिशात पन्नास ग्रॅम कधीच सापडत नाहीत. दोन-चार पुड्या सापडतात. मुलगा पकडला जातो, जामिनावर येतो, वकिलाचा खर्च भाऊ करतो, आणि उधारीच्या वहीत तो खर्चही चढतो. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हे मकोकाच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, कक्षेत आणणारं विधेयक सरकारने मंजूर करून घेतलं. त्याचं स्वागत आहे. फक्त त्या मकोकाखाली शेवटी दोन पुड्यावालाच जाणार नाही ना, एवढं बघा.

कारण माल दोन पुड्यांतून जन्माला येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पुण्यात धागा पकडला आणि तो कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आणि पुढे दिल्लीपर्यंत नेला. दीड हजार किलोंहून जास्त एमडी, साडेतीन हजार कोटींहून जास्त किंमत. ती कारवाई खरोखरच मोठी होती आणि तिचं श्रेय पोलिसांना दिलंच पाहिजे. पण त्याच्या आधी, २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात काय झालं तेही शहर विसरलेलं नाही. ससून रुग्णालयाच्या परिसरात सुमारे दोन कोटींचं एमडी पकडलं गेलं, आणि त्या प्रकरणातला ललित पाटील, जो कैदी असून महिनोन्महिने रुग्णालयात मुक्कामाला होता, तो २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथून निघून गेला. पंधरवड्यानंतर दक्षिणेत सापडला. नाशिकजवळ त्याच टोळीचा कारखाना निघाला. या बातम्या मुलंही वाचतात. त्यांना त्यातून एवढंच कळतं की मोठ्या माणसाला खाट मिळते.

आणि मे २०२४. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता, काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध. तो आदेश पुढे फिरवला गेला, रक्ताचे नमुने बदलल्याबद्दल डॉक्टरांना अटक झाली, सगळं खरं. पण त्या आठवड्यात मी वर्गात निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, आम्हाला पकडलं तर आम्हाला पण निबंधच ना?’ सगळा वर्ग हसला. मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही, आजही सुचत नाही. आपल्याला सुचलं तर कळवा.

आणखी एक. प्रत्येक वेळी वरून सांगितलं जातं, पालकांनी लक्ष द्यावं. माझ्या मुलांच्या आया पहाटे निघतात, चार-पाच घरची धुणीभांडी करून दुपारी परततात, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाकाच्या कामाला जातात. तरी त्यांचं लक्ष असतं. मुलगा जेवत नाही, रात्र रात्र जागा राहतो, घरातली समई गेली, हे पोलिसांच्या आधी आईला कळतं. पण तिने सांगावं कुणाला? चौकीत सांगितलं तर मुलगा आत जाईल, नाही सांगितलं तर मुलगा हातचा जाईल. कायदा तिच्या बाजूने आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. जो मुलगा अमली पदार्थांच्या नादी किंवा व्यवहारात ओढला जाण्याची शक्यता आहे, त्याला बाल न्याय अधिनियम काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणतो. त्याला बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. एनडीपीएसचं कलम ६४अ म्हणतं, अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला आला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असला पाहिजे, जिल्ह्याच्या विशेष बाल पोलिस पथकात दोन समाजसेवक असले पाहिजेत, हे बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०७ मध्ये आहे. मी एका ठाण्यात या अधिकाऱ्याचं नाव विचारलं. तिथल्या हवालदारांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि खरोखर प्रयत्न करूनही त्यांना ते नाव सांगता आलं नाही.

उपचाराचं म्हणाल तर याच शहरात मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे, सगळ्या महाराष्ट्राला त्याचा आधार आहे. एका संस्थेच्या जिवावर इतक्या मोठ्या शहराने किती वर्षं काढायची? सोळा वर्षांच्या मुलाला, मोठ्या दारुड्यांच्या वॉर्डात न टाकता, महापालिकेच्या रुग्णालयात फुकट उपचार मिळेल अशी जागा माझ्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर मला हवी आहे. ही चैन नाही.

फ्लेक्सबद्दल दोनच वाक्यं. सराईत गुन्हेगाराच्या फोटोशेजारी लोकप्रतिनिधीचा फोटो छापलेला दिसतो आणि महापालिका तो फ्लेक्स वाढदिवस उलटून गेल्यावर काढते. सर्व पक्ष यात सामील आहेत, त्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवत नाही.

आता काय हवं ते लिहिते.

अल्पवयीन मुलगा कोयत्यासह किंवा पुडीसह सापडला, की त्या प्रत्येक प्रकरणात ‘याला कुणी पाठवलं’ याचा तपास कागदावर झालेला दिसला पाहिजे. त्यात प्रौढ निघाला तर बाल न्याय अधिनियमाची कलमं ७७, ७८, ८३ आणि न्याय संहितेचं ९५ लावलंच पाहिजे; लावलं नाही तर का नाही, हे तपास अधिकाऱ्याने लेखी द्यावं.

या कलमांखाली पुणे शहरात नोंदवलेले गुन्हे, दाखल झालेली आरोपपत्रं आणि झालेल्या शिक्षा यांचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. जप्त कोयत्यांचा आकडा सांगायचाय तर त्याच्याशेजारी हा सांगावा.

धिंड बंद करावी. कुणाचीच काढू नये, आणि पोलिसांनी किंवा त्यांच्या ओळखीच्या कुणी तिचे व्हिडिओ पसरवू नयेत.

प्रत्येक ठाण्याच्या दारावर बालकल्याण पोलिस अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाईल क्रमांक मराठीत लावावा. मुलाबद्दल सांगायला आलेल्या आईची माहिती गुन्हा म्हणून न घेता बालकल्याण समितीकडे कशी जाईल, याची लेखी पद्धत ठरवावी, आणि ती रात्रशाळांना, महापालिकेच्या शाळांना आणि वस्तीतल्या अंगणवाड्यांना कळवावी. कलम ६४अ बद्दलचा फलक सरकारी दवाखान्यांत लावायला किती खर्च येतो? तोही लावावा.

अल्पवयीन मुलांसाठी वेगळं, मोफत व्यसनमुक्ती केंद्र महिला व बाल विकास विभागाने महापालिकेसोबत मिळून शहरात सुरू करावं. निरीक्षणगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी घ्यायला भाऊची गाडी येते. त्या दिवशी तिथे विभागाचा माणूस हजर असावा, त्याच्या हातात शाळेचा किंवा कामाचा पत्ता असावा. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या मदतीची, तरतूद कायद्यात आहे, ती वापरली जावी.

आणि त्या रात्रीच्या गुन्ह्यात पाचव्या माणसाचा शोध घ्यावा. दुचाक्या जप्त आहेत, त्यांची नोंदणी कुणाच्या नावावर आहे हे बघायला माझ्या विद्यार्थ्यांच्या जबाबाची गरज नाही. त्यांना साक्षीला बोलावू नका. ते त्याच वस्तीत झोपतात.

मी या पत्राखाली नाव लिहिलेलं नाही. माझ्या नावावरून शाळा कळेल, शाळेवरून मुलं कळतील, आणि चौघांतल्या दोघांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. आपण उत्तर वर्तमानपत्रांतून दिलंत तर ते मी वर्गात वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
रात्रशाळेतील एक शिक्षिका, पुणे